बंद व्हरांड्यांचे वीजबिल : मुंबईच्या फोर्टमधील जुन्या इमारती आणि नवी कार्यालये

१/
मुंबईच्या फोर्ट भागात एखाद्या जुन्या रस्त्यावर उभे राहून वर पाहिले, तर दगडी कमानींच्या आत ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि काळ्या काचा दिसतात. कमानीखाली एसीची आउटडोअर युनिटे टांगलेली असतात आणि त्यांच्या नळीतून पाणी नक्षीदार दगडावर ठिबकत असते. ज्या जागी काच बसली आहे, तेथे एकेकाळी उघडा व्हरांडा होता. या धाग्याचा विषय तो व्हरांडा आहे. तो कशासाठी बांधला, कोणी व का बंद केला, आणि त्याची किंमत दरमहा वीजबिलात कशी मोजली जाते, याची ही हकिकत.

२/
मुद्दा आधीच सांगितलेला बरा. ऐतिहासिक इमारतीत कार्यालय थाटायचे आणि वीजही वाचवायची, तर पहिला खर्च नव्या यंत्रावर होऊ नये. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्या इमारतीवर जे लादले गेले ते आधी उतरवावे, तिची मूळ व्यवस्था पुन्हा चालती करावी, आणि मग जी उणीव उरेल तेवढ्यापुरते यंत्र आणावे. मुंबईत बहुतेक नूतनीकरणे याच्या नेमक्या उलट क्रमाने होतात.

३/
सुरुवात १८६०च्या दशकापासून. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर सरकारी इमारतींची रांग उभी राहू लागली. जुने सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झाले, उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये. या साऱ्या इमारतींचे तोंड पश्चिमेला आहे. त्या काळी समोर मैदान, त्यापुढे रेल्वेचा रूळ आणि त्यापलीकडे थेट समुद्र होता. आजची मरीन ड्राइव्हची रांग तेव्हा पाण्याखाली होती.

४/
पश्चिमेकडे तोंड करण्यात लाभ होता आणि धोकाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा त्याच बाजूने येतो, आणि दुपारचे कडक ऊनही त्याच बाजूने. वारा आत घ्यायचा आणि ऊन बाहेर ठेवायचे, हा पेच सोडवणारे साधन म्हणजे खोल व्हरांडा. ऊन व्हरांड्याच्या फरशीवर अडते, आतल्या भिंतीला सावली मिळते, आणि वारा मात्र कमानींतून आत शिरतो. पावसाळ्यात त्याच्यामुळेच मुसळधार सरींतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येतात. व्हरांड्यात ये-जा होत असे, शोभाही होती. परंतु त्याचे पहिले काम हवामानाशी होते.

५/
बाकीचे भागही या कामात जोडीला होते. छत पंधरा-सोळा फुटांवर, म्हणजे तापलेली हवा डोक्याच्या बरीच वर. दारांच्या माथ्यावर झरोके, म्हणजे ती वरची हवा बाहेर जाण्यास वाट. खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे उजेड आणि वारा हवा तेवढाच आत. कौलारू छपराच्या सांध्यांतूनही उष्ण हवा निघून जाई. यांतील एकही वस्तू एकटी फारसे काम करीत नाही. झरोका बुजवला की उंच छत निरुपयोगी ठरते, आणि व्हरांडा बुजवला की झडपांपर्यंत वाराच पोहोचत नाही.

६/
येथे एक लोकप्रिय समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. ‘जुन्या जाड भिंतींमुळे घर थंड राहते’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता शोषून रात्री सोडते, हे खरे. परंतु ही युक्ती रात्र चांगली गार पडते तेथे उत्तम चालते, उदाहरणार्थ देशावर. मुंबईत पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील फरक पाच-सहा अंशांवर येतो. अशा दमट शहरात भिंतीच्या जाडीपेक्षा सावली आणि वाहती हवा अधिक मोलाची. फोर्टमधील कारागिरांनी भर दिला तो त्यांवरच.

७/
आणखी एक गोष्ट स्मरणरंजनात गाळली जाते. या इमारती सर्वस्वी आपोआप थंड राहत नसत. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढणारा पंखेवाला हा त्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग होता. साहेबाच्या मेजावर वारा यावा म्हणून कोणीतरी दालनाबाहेर तासन्‌तास बसून दोरी ओढत असे. ‘ऊर्जा’ तेव्हाही लागत होती. ती माणसाच्या दंडातून येत होती, आणि तिचे बिल फारच स्वस्त लावले जात होते. म्हणून जुन्या व्यवस्थेकडे परत जाण्याचा अर्थ जुन्या दिवसांकडे परत जाणे असा घेता येत नाही.

८/
पंखेवाल्याची सुटका विजेने केली. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली. छताचा पंखा हे यंत्र उंच छताच्या खोलीला जणू मापून बनवल्यासारखे होते. थोड्या विजेत तो हवा हलवतो, आणि हलती हवा अंगाला लागली की दोन-तीन अंश अधिक तापमानही सुसह्य वाटते. इमारतीची मूळ व्यवस्था आणि छोटे यंत्र यांचा इतका चांगला मेळ त्यानंतर फोर्टमध्ये फारसा जमला नाही.

९/
याच सुमारास केवळ व्यापारी कचेऱ्यांसाठी एक अख्खा भाग उभा राहिला. अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामातून निघालेल्या भरावाने मिळवलेल्या जमिनीवर बॉम्बे पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेट वसवली. आखणी जॉर्ज विटेट यांची. त्यांनीच आराखडा केलेले बॉम्बे हाउस १९२४ मध्ये पूर्ण झाले आणि आजही ते टाटा समूहाचे मुख्यालय आहे. तात्पर्य, जुन्या इमारतीत आधुनिक धंदा बसत नाही हा दावा इतिहासाला धरून नाही. यांतील कित्येक इमारती धंद्यासाठीच जन्मल्या.

१०/
मग बिघडले कोठे? उत्तराचा मोठा भाग स्थापत्यात नाही. तो भाड्याच्या कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवण्याचा हेतू रास्त होता. परंतु भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला. मालकाने छपराकडे पाहणे सोडले. भाडेकरूने स्वतःच्या पैशांनी फक्त तेवढेच केले, जे उद्या उचलून नेता येईल किंवा ज्यातून आज जागा वाढेल.

११/
उचलून नेता येणारी वस्तू म्हणजे खिडकीचा एसी. जागा वाढवणारी युक्ती म्हणजे व्हरांडा बंद करणे. आठ फूट खोल व्हरांड्याला काच लावली की त्यात चार-सहा मेजे बसतात, आणि फोर्टमधील जागेचा भाव पाहता हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा, की जी काच पूर्वी नव्हतीच ती आता थेट पश्चिमेच्या उन्हात उभी आहे. उन्हापासून बचाव करणारी जागाच ऊन साठवणारी पेटी झाली, आणि आतल्या खोल्यांचा वारा व उजेड दोन्ही तुटले. म्हणून एसी वाढले आणि भरदुपारी दिवेही लागू लागले.

१२/
त्यानंतर आले फॉल्स सीलिंग. सोळा फुटांची खोली नऊ फुटांवर कापली जाते, झरोके त्याआड गडप होतात आणि पंखा काढला जातो. समर्थन एकच ऐकू येते: ‘एवढी हवा थंड करायला वीज किती लागेल!’ हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. शंभर चौरस मीटरच्या कार्यालयात छत दोन मीटरने अधिक उंच असेल, तर अधिकची हवा दोनशे घनमीटर, म्हणजे सुमारे २३५ किलो. ती सहा अंशांनी थंड करून तिच्यातील ओलावाही काढायचा, तर साधारण चांगल्या एसीला एक युनिट वीजसुद्धा लागत नाही.

१३/
एसीचे बिल हवेच्या आकारमानावर थोडेच अवलंबून असते. ते वाढते ते सतत आत येत राहणाऱ्या उष्णतेमुळे: तापलेले छप्पर, उन्हातली काच, दिवे, संगणक, माणसे, आणि फटींतून शिरणारी दमट हवा. फॉल्स सीलिंगने यांतले फारसे काही थांबत नाही. उंच खोलीत गरम हवा वर साचते आणि माणसांच्या पातळीवर गारवा राहतो, हा लाभ मात्र हातचा जातो. एक अट मान्य करावीच लागेल: एसी चालू असताना झरोके आणि झडपा घट्ट मिटता आल्या पाहिजेत. हे काम सुताराचे आहे.

१४/
तिसरा घाव भिंतीवर बसला. या इमारती चुन्यात बांधल्या आहेत. चुन्याची दर्जा आणि गिलावा पाणी शोषतात, पण ते परत हवेत सोडूनही देतात. दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर तैलरंग चढवला, की आत शिरलेली ओल कोंडली जाते. लोणा धरतो, पोपडे निघतात, तुळईची टोके कुजतात. शिवाय ओल्या भिंतीतून खोलीत येणारा दमटपणा काढण्याचे कामही एसीलाच करावे लागते. दमट हवेत वातानुकूलनाच्या कष्टाचा बराच मोठा वाटा पाणी काढण्यात जातो. भिंत दुरुस्त करणे म्हणजे वीज वाचवणेच.

१५/
आता उपायांचा क्रम. यासाठी जगातील एक गाजलेले उदाहरण पाहणे उपयोगी ठरेल: न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग. १९३१ची ही १०२ मजली कार्यालयीन इमारत वारसा म्हणून संरक्षित आहे. २००९ मध्ये तिच्या मोठ्या नूतनीकरणात ऊर्जाबचतीची योजना जाहीर झाली, आणि लक्ष्य होते ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे. हवामान, आकार, पैसा यांपैकी कशातही तिची फोर्टशी तुलना होत नाही. शिकण्याजोगा आहे तो कामाचा क्रम.

१६/
तेथे आधी गरज कमी केली गेली. सुमारे साडेसहा हजार खिडक्या फेकून न देता इमारतीतच एका मजल्यावर कार्यशाळा थाटून उघडल्या, बहुतेक जुन्याच काचा वापरून त्यांच्यामध्ये पारदर्शक पडदा व विशिष्ट वायू भरला, आणि त्या परत बसवल्या. खिडक्यांखालच्या हीटरांमागे उष्णता परतवणारे आवरण लावले. दिवे आणि नियंत्रणे सुधारली. इतके झाल्यावर थंड करण्याची गरजच इतकी घटली, की मोठी शीतयंत्रे बदलून वाढवण्याऐवजी आहे त्याच सांगाड्यांत सुधारून वापरता आली.

१७/
ऊर्जाबचतीसाठी मूळ खर्चाच्या वर सुमारे १.३ कोटी डॉलर लागले आणि अपेक्षित वार्षिक बचत सुमारे ४४ लाख डॉलर होती. म्हणजे तीनेक वर्षांत परतफेड. दुसरा धडा अधिक मोलाचा: बचतीचा मोठा वाटा भाडेकरूंच्या जागांत दडलेला होता. मालकाने तळघरातले यंत्र सुधारले आणि भाडेकरूने आपले दिवे तसेच ठेवले, तर गणित अर्धेच सुटते. मालक आणि भाडेकरू एकत्र बसल्यावाचून जुनी इमारत सुधारत नाही, हा मुद्दा मुंबईला न्यूयॉर्कहून अधिक लागू पडतो.

१८/
हाच क्रम फोर्टमध्ये लावायचा, तर सुरुवात छपरापासून. सर्वांत वरच्या मजल्याला सर्वाधिक उष्णता तेथूनच येते. कौलारू छपराखालच्या फळ्यांवर उष्णतारोधक थर घालता येतो. बाहेरून काहीच दिसत नाही. सपाट गच्चीवर चुन्याचा कोबा नीट करून त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवणे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती पाणीही थांबवते आणि ऊनही परतवते. गळके छप्पर तसेच ठेवून नवी एसी यंत्रणा बसवणारे नूतनीकरण म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

१९/
त्यानंतर खिडक्या. सागवानी चौकट काढून तेथे ॲल्युमिनियम बसवण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते. जुने सागवान दुरुस्त होते, फटींना पट्टी लावता येते, आणि एसीच्या खोलीत मूळ खिडकीच्या आतल्या बाजूने दुसरी काचेची झडप बसवता येते. ती उद्या काढली तरी मूळ खिडकीला ओरखडा पडत नाही. बाहेरच्या लाकडी झडपा चालत्या केल्या, तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. काचेच्या आत लावलेल्या पडद्यापेक्षा काचेबाहेरची झडप केव्हाही सरस, कारण उष्णता एकदा आत शिरल्यावर तिला बाहेर काढण्याचे पैसे पडतात.

२०/
मग व्हरांडा. तो पूर्ण मोकळा करणे उत्तम. ते शक्य नसेल तेथे काचेची रेषा बाहेरच्या कमानीतून मागे, मूळ भिंतीपर्यंत न्यावी, आणि व्हरांड्यात भेटीगाठी, चहापान, ये-जा अशी एसीवाचून चालणारी कामे ठेवावीत. चार मेजे कमी होतील, हे खरे. पण उरलेल्या साऱ्या मेजांना उजेड मिळेल, एसीचा आकार घटेल, आणि दर्शनी भाग पुन्हा दर्शनी होईल. आजची कार्यालये ‘बसण्याच्या अनौपचारिक जागा’ म्हणून मोठ्या खर्चाने जे काही रचतात, ते या इमारतींना दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेले होते.

२१/
यानंतर पंखा आणि तापमान. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्यानुसार एसीचे तापमान एका अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. भारतीय कार्यालयांतील लोकांच्या पाहणीवर आधारलेले, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तयार झालेले सुखदतेचे प्रतिमान सांगते, की येथील माणसे पाश्चात्त्य निकषांहून अधिक तापमानातही समाधानी असतात. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ते स्वीकारले आहे. उंच छताला पंखा परत आला, तर २२ऐवजी २६-२७ अंशांवर काम सहज चालते. एका साध्या पंख्याने होणारी ही बचत महागड्या यंत्रांनाही सहजासहजी गाठता येत नाही.

२२/
इतके झाल्यावरच एसी निवडावा. तो आता लहान लागेल. इमारतीचे भाग पाडावेत: सर्व्हरची खोली आणि सभाकक्ष बाराही महिने थंड, मोठी दालने फक्त कडक महिन्यांत, आणि थंडीत सारे काही उघडे. तीस भाडेकरूंच्या साठ युनिटांऐवजी मागच्या अंगणात किंवा गच्चीवर न दिसेल अशी एक सामाईक यंत्रणा बसवावी. ठिबकणारे पाणी नळाने खाली न्यावे, दगडावर सोडू नये. सौर पॅनेल गच्चीच्या मागील बाजूस शोभून जातील. पण फोर्टमधील उंच इमारतीची गच्ची तिच्या मजल्यांच्या मानाने लहान असते, म्हणून त्यांच्याकडून अपेक्षा बेताचीच ठेवावी.

२३/
एक इशाराही हवा. थंड देशांतील मार्गदर्शिकांत जुन्या भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावण्याची शिफारस आढळते. तेथे उष्णता आतून बाहेर जाते. मुंबईत दमट हवा बाहेरून आत येते. थंड केलेल्या खोलीत बंदिस्त थर लावला, तर त्यामागे पाणी साचण्याचा धोका असतो आणि ते दगड-लाकूड दोहोंना खाते. सावलीतल्या जाड भिंतीतून येणारी उष्णता तशीही थोडीच. उपाय आयात करण्यापूर्वी वाफ कोणत्या दिशेने प्रवास करते, एवढे तरी पाहावे.

२४/
यावरील आक्षेप बिनतोड नसले, तरी खोटेही नाहीत. समुद्र आता मरीन ड्राइव्हपलीकडे गेला आहे, मध्ये इमारती उभ्या आहेत. रस्त्यावर धूर आणि भोंगे आहेत. संगणक उष्णता ओततात. शहरही पूर्वीहून तापले आहे. खिडक्या उघडून बारा महिने काम चालेल, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. परंतु प्रश्न ‘सारे उघडे की सारे बंद’ असा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उघडता येणारी आणि मे महिन्यात घट्ट मिटता येणारी इमारत हवी. काचेने कायमची बंद केलेली इमारत यांतला पहिला पर्यायच गमावून बसते.

२५/
आता पैशाचा प्रश्न. छप्पर दुरुस्त करणारा मालक. बिल कमी होणार भाडेकरूचे. मग मालक खर्च का करील? १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेसंरक्षणातून वगळले. म्हणजे मोठ्या भाडेकरूशी मालक आज मोकळा करार करू शकतो. त्या करारातच बचतीची वाटणी लिहिता येते: दुरुस्तीचा खर्च मालकाचा, आणि घटलेल्या बिलाचा ठरावीक हिस्सा काही वर्षे मालकाला. लहान भाडेकरूंसाठी मात्र सरकारी साहाय्याची गरज आहे; वकिलांच्या, दलालांच्या, शिंप्यांच्या त्या खोल्या म्हणजेच फोर्टचे फोर्टपण.

२६/
नियमांतही एक पोकळी आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ची, देशातील पहिली. तिच्यात इमारतींच्या श्रेणी आहेत. दुसऱ्या श्रेणीत काटेकोर छाननीने, तर तिसऱ्या श्रेणीत त्याहून सैलपणे अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना वाव आहे. ही लवचिकता चांगली. पण व्यवहारात लक्ष राहते ते दर्शनी भागावर. झरोका, झडप, व्हरांड्याची खोली यांना ‘इमारतीचे चालते अवयव’ म्हणून क्वचितच पाहिले जाते. चेहरा वाचतो आणि फुप्फुस काढून टाकले जाते.

२७/
दुसरीकडे ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, २००७ची आणि २०१७ मध्ये सुधारलेली, मुख्यतः नव्या व्यापारी बांधकामाकडे पाहते आणि १०० किलोवॅट जोडभाराच्या मोठ्या वापरापासून सुरू होते. तीस मीटरांत विभागलेली जुनी इमारत तिच्या नजरेतच येत नाही. एक नियम दगड पाहतो, दुसरा यंत्र. फोर्टसारख्या भागासाठी या दोहोंना जोडणारी एक साधी अट पुरेल: नूतनीकरणाची परवानगी मागताना मूळ वायुवीजन कोठे होते, त्यातले काय उरले आहे आणि काय परत चालू होईल, याचा एक नकाशा जोडावा. खर्च नगण्य, परिणाम मोठा.

२८/
हे सारे वीजबिलापुरतेच राहिले असते, तर एवढा लांब धागा लिहिण्याचे कारण नव्हते. काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. ती पूर्वीची वॉटसन्स हॉटेल, जिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून घडवून आणला गेला आणि जेथे १८९६ मध्ये ल्यूमिएर बंधूंचे चलत्‌चित्र दाखवले गेले. पुढे तिच्या खोल्या कापून लहानलहान कार्यालये झाली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून मनुष्यहानी झाली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि पाडावी की वाचवावी, हा वाद न्यायालयात गेला.

२९/
इमारत एका दिवसात धोकादायक होत नाही. गोठलेले भाडे, न झालेली दुरुस्ती, कोंडलेली ओल, वाढता भार आणि परवडेनासा झालेला वापर, या पायऱ्यांनी ती तेथे पोहोचते. ‘जुनी इमारत धंद्याला महाग पडते’ हे वाक्य त्या जिन्याची शेवटची पायरी असते. त्यानंतर पुनर्विकासाचा नकाशा येतो. म्हणून कार्यालयाचे बिल आटोक्यात ठेवणारी इमारत टिकण्याची शक्यता अधिक. या अर्थाने ऊर्जाबचत हे वारसासंवर्धनाचेच एक अंग आहे.

३०/
आणि पाडून नवी बांधली, तर? साधा एक टन सिमेंट बनताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पोलाद आणि काच यांचा हिशेब वेगळाच. फोर्टच्या इमारतींचा मालाडचा आणि कुर्ल्याचा दगड, ब्रह्मदेशाचे सागवान, चुन्याच्या भट्ट्यांचे सरपण, हा सारा खर्च शतकापूर्वीच होऊन गेला आहे. नवी इमारत कितीही कार्यक्षम असली, तरी तिला आधी हे बांधकामाचे कर्ज फेडावे लागते. जुनीला फक्त दुरुस्तीचे.

३१/
उदाहरण हाताशीच आहे. बॉम्बे हाउस २०१८ मध्ये मोठ्या नूतनीकरणानंतर त्याच मुख्यालयाच्या कामासाठी पुन्हा उघडले. नूतनीकरणात तेथे आश्रय घेणाऱ्या भटक्या कुत्र्यांसाठीही खोली राखून ठेवण्यात आली. प्रत्येक मालकाकडे टाटांइतका पैसा नसतो, हे उघड आहे. परंतु वर सांगितलेल्या कामांतील पहिली पाच-सहा कामे गवंडी, सुतार आणि कौले शाकारणारा यांची आहेत. त्यांना लागतो तो थोडा पैसा, थोडा धीर आणि मालक-भाडेकरूंची एक बैठक.

३२/
शेवटी सारे एका प्रश्नावर येते. पुढच्या वेळी फोर्टमधील एखादी कंपनी आपल्या ‘पुनरुज्जीवित’ वारसा कार्यालयाची छायाचित्रे प्रसिद्ध करील, तेव्हा झुंबर, फरशी आणि कमानीवरचा प्रकाशझोत जरूर पाहावा. त्यासोबत एवढेच विचारावे: व्हरांडा उघडला का? त्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर बाकीचे बहुधा नीट झाले असेल. ‘नाही’ असेल, तर ती इमारत रंगवली गेली आहे. दुरुस्त व्हायची अजून बाकी आहे.